पिवळा कफ आणि तीन गोळ्या

 धूळ टाळा, पंपाला घाबरू नका, हे सगळं जागतिक दमा दिनाला छापून येतंच. मला बोलायचं आहे ते अझिथ्रोमायसिनबद्दल. दम लागला, कफ पिवळा दिसला की ‘इन्फेक्शन झालंय’ म्हणून रोज एक अशा तीन गोळ्या घेतल्या जातात; केमिस्टही चिठ्ठी मागत नाही. २०१९मध्ये देशाच्या खासगी औषधबाजारात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक म्हणजे हीच ५०० मिलिग्रॅमची गोळी.

तिची परीक्षा घेतली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या सेबॅस्टियन जॉन्स्टन यांनी. हे गृहस्थ अँटिबायोटिकचे वैरी नव्हेत. २००६ साली त्यांच्याच चाचणीत टेलिथ्रोमायसिन या जवळच्या औषधाने दम्याच्या अटॅकची लक्षणं कमी झाली होती. त्या आशेवर त्यांनी ‘अझेलिया’ ही नवी चाचणी आखली, तर रुग्णच मिळेनात! ४,५८२ जण पारखले, हाती लागले १९९. दोन हजारांवर लोक बाद झाले, कारण ते अँटिबायोटिक घेऊनच आले होते. तेही ब्रिटनमध्ये, जिथे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दम्याच्या अटॅकमध्ये सरसकट देऊ नये असा दंडक आहे. २०१६चा निकाल: औषध नसलेल्या गोळीपेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही. खरी गरज असलेले रुग्ण कदाचित त्या गळतीतच गेले असतील, ही शंका उरतेच. पण मला निकालापेक्षा ती गळतीच जास्त बोलकी वाटते.

अटॅक बहुतेकदा सर्दीच्या विषाणूंमुळे येतो. त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. आणि कफाचा पिवळेपणा? दम्यात तो इओसिनोफिल या ॲलर्जीशी निगडित पेशींमुळेही येतो.

म्हणून जिवाणू निर्दोष ठरत नाहीत. दमेकऱ्यांना न्यूमोकॉकस या जिवाणूचा गंभीर संसर्ग होण्याची शक्यता दुपटीहून अधिक असल्याचं अमेरिकेतल्या टेनेसीत २००५ साली दिसलं. ऑस्ट्रेलियात तर हेच अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, ४८ आठवडे दिल्यावर अटॅक सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मात्र तो उपचार पंप नीट घेऊनही दमा न आवरणाऱ्यांसाठी, ईसीजी आणि ऐकण्याची क्षमता तपासून, तज्ज्ञाने करायचा. तीन गोळ्यांच्या पट्टीशी त्याचा संबंध नाही.

थंडी वाजून ताप आला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर मात्र थांबू नका. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला तर अँटिबायोटिक लागणारच. एरवी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: ही गोळी नेमकी कशासाठी, आणि न्यूमोकॉकसची लस मी घ्यावी का?