मुलाला बांधकामाचा इंजिनियर करावे काय?

ओढ्यावर पूल होऊ लागला की एक माणूस येतो. तीन पायांवर यंत्र ठेवून त्यातून बघतो. लोक त्याला अजून ओव्हरशियर म्हणतात. त्याला पाहून पुष्कळ आईबापांना वाटते, आपलाही मुलगा असा साहेब व्हावा. वाटू द्या. पण जमीन गहाण टाकण्याआधी हा धंदा समजून घ्या.

हे नुसते हुकूम सोडायचे काम नव्हे. खाली मुरूम आहे की काळी माती, ते आधी पाहावे लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. मग भिंतीला तडे जातात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काँक्रीट टाकताना त्यातलेच थोडे घेऊन ठोकळे पाडतात. ते पाण्यात ठेवतात. 28 दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. किती भाराला फुटले, त्यावरून माल कसा आहे ते कळते. माल कमी पडला की ठेकेदार म्हणतो, "साहेब, घ्या भागवून." तिथे नाही म्हणायला छाती लागते. पूल खचला तर सही कुणाची, हेच आधी पाहतात.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात 3 वर्षांची पदविका मिळते. बारावीनंतर सीईटी देऊन 4 वर्षांची पदवी घेता येते. पदविकेवाल्याला पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. गरिबाला मला हीच वाट बरी वाटते. मधेच पैसा संपला तरी हातात एक कागद राहतो. मुलींनाही हे शिक्षण खुले आहे. गणित मात्र पक्के हवे.

विश्वेश्वरय्या शिकवण्या करून शिकले. पुण्याला इंजिनियर झाले. खडकवासला धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी 1903 साली बसवले. पण सगळेच काही विश्वेश्वरय्या होत नाहीत!

ठेकेदाराकडे सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. त्याच वयाचा कॉम्प्युटरवाला पुष्कळदा जास्त मिळवतो. काम संपले की बिऱ्हाड दुसऱ्या गावी. सरकारी जागा थोड्या, अर्ज फार. मात्र दहा-पंधरा वर्षे जो टिकतो, त्याच्या अनुभवाला किंमत येते. बांधलेले जुने होते, त्यालाही इंजिनियर लागतोच. 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले. ते पुन्हा मजबूत करावे लागले.

म्हणून एक करा. मे महिन्यात मुलाला जवळच्या बांधकामावर आठ दिवस पाठवा. मोजमापाची टेप धरू द्या, हजेरी लिहू द्या. नवव्या दिवशी तो आपणहून निघाला, तर फॉर्म भरा.