नुसत्या हेलावर हशा येत नाही

मराठवाडी बोलीवर हशा मिळवणं सोपं, असा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाचा समज आहे आणि टीव्हीवरच्या प्रहसनांनी तो पक्का केला. ‘का’च्या जागी ‘कामून’, ‘काय करतोस’च्या जागी ‘काय करायलास’ एवढं पुरतं, असं धरलं जातं. हा समज चुकीचा आहे, याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि एकट्याने त्यातली बावन्न पात्रं उभी केली. 2009 मध्ये ते गेल्यानंतर प्रयोग पुढे नेला तो बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी. आता साधा प्रश्न असा की, खेड्यातून निघालेल्या या वऱ्हाडातला जो तो एकच बोली बोलतो, मग माणसं वेगळी कशी कळतात? हेल सगळ्यांचा सारखाच आहे. म्हणजे पात्रं वेगळी करायला हेलाचा काडीचाही उपयोग नाही.

उपयोग होतो तो नजरेचा. बसलेल्या म्हाताऱ्याशी उभा माणूस बोलतोय असं दाखवायचं तर एकाची नजर खाली जाते आणि उत्तर देताना दुसऱ्याची तेवढ्याच तिरकस रेषेत वर येते. या दोन नजरा हवेत एका बिंदूवर भेटल्या नाहीत, तर रंगमंचावर बडबडणारा एकटा नट उरतो, संवाद मोडतो. मग खांदा, मान, श्वास. वयस्क बाई वाक्याच्या मध्येच श्वास घेते, तरणं पोर वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करतं. मानपान हवा असलेला माणूस आधी थांबतो, मग बोलतो. हशा बहुतेक वेळा त्या थांबण्यात असतो, शब्द त्याच्या मागून येतो. बरं, मराठवाडी बोली तरी एक कुठे आहे? बीड जिल्ह्यातच आष्टी-पाटोद्याकडची नगरकडे झुकते, परळी-अंबाजोगाईकडची लातूर-परभणीकडे. टीव्हीवरचा ‘मराठवाडी’ माणूस मात्र कुठल्याच तालुक्याचा नसतो.

यावर कुणी म्हणेल, शहरी प्रेक्षक हसतो तो उच्चारालाच. पहिली दहा मिनिटं तसं होतही असेल. पण उच्चाराचं नवल दहा मिनिटांत ओसरतं, प्रयोग त्यानंतर कितीतरी वेळ चालतो. शिवाय तोच प्रयोग मराठवाड्यातही हशा घेतो, तिथे तर हा उच्चार घरचाच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: विमान पाहून बावचळणारं वऱ्हाड दाखवणं ही खेडुतांची टिंगल नाही का? धोका आहेच. पण ही माणसं बावचळली तरी ओशाळत नाहीत. तसंच ‘कायद्याचं बोला’ (2005) या चित्रपटात मराठवाड्याच्याच मकरंद अनासपुरे यांनी रंगवलेला वकील केशव कुंथलगिरीकर कोर्टात खटला जिंकतो, तेही आपली भाषा न बदलता. टिंगल तेव्हा होते, जेव्हा पात्राला शेवटी ‘शुद्ध’ बोलायला लावतात.

राहिला मराठवाडी नटावर ‘हेलाचा नट’ असा शिक्का बसण्याचा प्रश्न. तो बसतो, आणि दोष नटाकडे जातो, हे बरोबर नाही. संदीप पाठक ‘श्वास’ या चित्रपटात होते, ‘एक हजाराची नोट’मध्ये म्हातारीच्या आधाराला उभा राहणारा सुदामा त्यांनीच केला, आणि ‘राख’मध्ये तर संवादच नाहीत. ज्याचं भांडवल नुसता हेल असता, तो तिथे रिकाम्या हाताने उभा राहिला असता. खरी अडचण प्रहसनाच्या बांधणीत आहे. वेळ मोजका, पात्र दारातून आत येता येताच ओळखू आलं पाहिजे, हेल हे सगळ्यात स्वस्त ओळखपत्र. सगळे प्रमाण मराठी बोलणारे आणि त्यात एकटा बीडचा, अशी मांडणी केली की त्याची भाषाच विनोद होऊन बसते. तेव्हा प्रहसनं लिहिणाऱ्यांना एकच विनंती: पुढच्या वेळी बीडची दोन माणसं आणा, आणि त्यांचं एकमेकांशी भांडण लावून द्या.