एकादशीचा मधला तास

यंदाची आषाढी आमच्या घरी औषधांच्या वेळा सांभाळीतच आली. वडिलांचा प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यापर्यंत पोहोचला आहे. पंढरीची वाट तुडविलेल्या त्या पायांतले बळ एकाएकी गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावयाचे, अशी आम्हांस ताकीद आहे.

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले. अबिरॅटेरॉनची गोळी ते संप्रेरक शरीरात घडूच देत नाही. ती रिकाम्या पोटी घ्यावयाची; आधी दोन तास व नंतर एक तास अन्न वर्ज्य. जोडीची प्रेडनिसोलोन मात्र अन्नाबरोबर.

जन्मभर निर्जळी एकादशी करणाऱ्या वडिलांना हे सांगावयाचे कोणी? लघवीची पिशवी आम्ही रिकामी करू लागलो की ते भिंतीकडे तोंड फिरवितात. स्वतःचा म्हणून हा एवढाच नेम उरलेला. तोही आम्हीच मोडावयाचा!

डॉक्टरांना विचारले. पाणी तोडू नका, गोळी चुकवू नका, असे त्यांनी बजाविले. फराळाला हरकत घेतली नाही. तोड आईनेच काढली. पहाटे स्नान होताच विठ्ठलाच्या तसबिरीपुढे पहिली गोळी. तासाभराने भगर, दाण्याची आमटी आणि दुसरी गोळी.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो मधला तास माझा. तेव्हा कोणी बोलू नका.”

पाण्याचा तांब्या मात्र त्यांनी आपणहून जवळ ओढला.