विंडोज १० ची मुदत संपली : सेवा केंद्रातील जुन्या संगणकाचे काय करायचे?

भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील शेतकरी पीक विम्याचा अर्ज भरायला, उत्पन्नाचा दाखला काढायला जवळच्या सेवा केंद्रात जातो. तिथे त्याचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि सातबारा स्कॅन होतात. अनेकदा या फायली काम झाल्यावरही त्याच संगणकात पडून राहतात. अशा संगणकात विंडोज १० असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख केंद्रचालकाइतकीच त्या शेतकऱ्याच्याही कामाची आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नियमित आधार थांबवला.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

संगणक बंद पडला नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, प्रिंट निघते, संकेतस्थळे उघडतात. थांबली ती सुरक्षेची दुरुस्ती. विंडोजमध्ये सापडणाऱ्या त्रुटी बुजवण्यासाठी दर महिन्याला मोफत अपडेट येत असे. ते आता आपोआप येत नाही.

विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा पाया एकच आहे. विंडोज ११ मधली एखादी त्रुटी दुरुस्त झाली, की नेमके काय बदलले हे पाहून हल्लेखोर तीच त्रुटी विंडोज १० मध्ये शोधू शकतात. नव्या घराचे कुलूप बदलले, पण जुन्या घराला तेच कुलूप राहिले, असा हा प्रकार आहे.

धोका खरा आहे का?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. फटका बसला तो अपडेट न केलेल्या संगणकांना. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. त्याने इतर मार्गांबरोबर हीच त्रुटी वापरली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

संगणक विंडोज ११ ला चालेल का?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बाद होतात.

मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवले की उत्तर मिळते. ‘टीपीएम नाही’ असे दिसले, तरी लगेच संगणक भंगारात काढू नये. अनेक डेस्कटॉपमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते.

४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालते, पण रखडते. रॅम ८ जीबी करून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर कामाचा वेग बराच वाढतो.

चालत नसेल तर?

पहिला पर्याय वाढीव सुरक्षा अपडेटचा. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ही सोय घेता येते. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणकाची सेटिंग्ज जोडली तर ती मोफत आहे, नाहीतर ३० डॉलर. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. संस्था आणि कार्यालयांसाठी वेगळी योजना असून पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे. हे तात्पुरते टेकू आहेत. तेवढ्या काळात नव्या संगणकाची तजवीज करायची.

दुसरा पर्याय लिनक्सचा. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली किंवा ‘लिनक्स मिंट’ मोफत मिळते. टायपिंग आणि इंटरनेटपुरता वापर असेल तर जुन्या संगणकाला ती पुरते. मात्र बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरीचा टोकन त्यावर चालतो का, हे आधी तपासावे.

बाजारात कोणी अटींना बगल देऊन किंवा क्रॅक वापरून विंडोज ११ टाकून देतो म्हणाले, तर दोनदा विचार करावा. अटींत न बसणाऱ्या संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. क्रॅकसोबत तर व्हायरसच घरात येऊ शकतो.

बदलण्यापूर्वी काय करावे?

दुकानात ‘फॉरमॅट मारून’ नवी विंडोज टाकणे आणि आहे त्या विंडोजवर अपग्रेड करणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. अपग्रेडमध्ये फायली आणि प्रोग्रॅम सहसा जागेवर राहतात. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरचे सगळे जाते. डेस्कटॉप आणि डाउनलोड्सही त्यातच असतात. दोन्ही वेळी आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढावी आणि दोन-चार फायली उघडून पाहाव्यात.

मराठी कामासाठी एक खबरदारी जास्त. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली त्या फॉन्टशिवाय उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून फॉन्टची प्रतही ठेवावी आणि नवे काम युनिकोडमध्ये सुरू करावे.

प्रिंटर, ठसायंत्र आणि टोकन यांची सॉफ्टवेअर विंडोज ११ साठी मिळतात का, हेही आधीच पाहावे. अपग्रेड सुरू असताना वीज जाऊ नये म्हणून संगणक यूपीएसवर ठेवावा. पटले नाही, तर अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधून विंडोज १० वर परत जाता येते.

वेळही महत्त्वाची आहे. पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली असताना किंवा दहावी-बारावीच्या निकालानंतर दाखल्यांसाठी रांग लागली असताना हे काम काढू नये. गर्दी नसलेला आठवडा निवडावा. आणि नवी प्रणाली येवो न येवो, काम झालेल्या लोकांची आधार आणि पासबुकची स्कॅन गरज नसेल तर पुसून टाकावीत. जी फाइल संगणकात नाही, ती चोरीला जात नाही.