शाफ्ट्सबरीचा अर्ल आणि बंदिवानाचा कायदा

संपात एखादा कार्यकर्ता पकडला गेला की युनियनच्या कचेरीत पहिला प्रश्न येतो, "नेलाय कुठं?" न्यायालयाने तुरुंगाधिकाऱ्याला हाच प्रश्न विचारायचा, याला हेबिअस कॉर्पस म्हणतात. आपल्या घटनेच्या ३२ व २२६ कलमांखाली असा अर्ज करता येतो. इंग्लंडात त्याला दात बसवले ते १६७९ साली, आणि त्यासाठी खटपट केली एका उमरावाने.

अँथनी ॲशली कूपर, शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल. जन्म १६२१. यादवी युद्धात तो आधी राजाकडून लढला, १६४४ मध्ये पार्लमेंटकडे गेला, क्रॉमवेलच्या राज्यपरिषदेत बसला आणि १६६० मध्ये राजाला परत आणणाऱ्यांतही होता. दुसऱ्या चार्ल्सने त्याला १६७२ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर केले व वर्षभरात काढले. मग तो विरोधकांचा पुढारी बनला.

१६७७ मध्ये पंधरा महिन्यांच्या तहकुबीनंतर पार्लमेंट भरले. इतक्या तहकुबीने पार्लमेंट बरखास्तच झाले, असे तो म्हणाला. लॉर्डांच्या सभागृहाने त्याला लंडनच्या टॉवरमध्ये डांबले. त्याने न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश म्हणाले, सभागृहाच्या हुकमात आम्ही हात घालू शकत नाही. वर्ष आत गेले.

हक्क जुनाच होता, पण पळवाटा पुष्कळ. कोर्टाला सुटी, तुरुंगाधिकारी पहिल्या हुकमाला दाद देईना, नाहीतर कैद्यालाच दुसरीकडे हलवायचे. नव्या कायद्याने दिवस ठरवले: वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत कैदी हजर. चुकारपणा केला तर अधिकाऱ्याला शंभर पौंड दंड, दुसऱ्यांदा दोनशे. सुटीत अर्ज नाकारणाऱ्या न्यायाधीशाला पाचशे! गंमत म्हणजे मते मोजताना एका लठ्ठ लॉर्डाला दहा धरले म्हणून हा कायदा पास झाला, अशी आख्यायिका बिशप बर्नेट लिहून गेला आहे.

मात्र या माणसाला साधू समजू नका. तो कॅरोलिना वसाहतीच्या आठ मालकांपैकी एक. तिथल्या १६६९ च्या घटनापत्रात काळ्या गुलामावर मालकाची पूर्ण सत्ता लिहिलेली आहे. १६७८ नंतर कॅथलिकांच्या कटाच्या खोट्या बातम्यांवर त्याने राजकारण केले. त्या लाटेत निरपराध माणसे फासावर गेली.

१६८१ मध्ये राजाने त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली पुन्हा टॉवरमध्ये टाकले. पण ज्यूरी निवडणारे लंडनचे शेरीफ त्याच्या पक्षाचे होते. २४ नोव्हेंबरला ज्यूरीने आरोपपत्र फेटाळले. पुढल्या वर्षी शेरीफ बदलले, तसा तो हॉलंडला पळाला आणि जानेवारी १६८३ मध्ये ॲम्स्टरडॅमला वारला.