अठराव्या वर्षीचा क्रमांक

उत्तर अमेरिकेत आइस हॉकीची नॅशनल हॉकी लीग ही मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे. तिचे संघ दरवर्षी अठराच्या आसपासची मुले सात फेऱ्यांत निवडतात. याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. साधारणपणे तळाच्या संघांना आधी संधी मिळते. मग जाणकार हिशेब मांडतात, उद्याचे खेळाडू कोणाकडे अधिक कसदार? मुलाचा निवडक्रम, वय, गोल आणि ते कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत केले, हे सारे तोलले जाते. गोलरक्षक उशिरा तयार होतात, त्यामुळे त्यांचा अंदाज अधिकच कठीण.

एडमंटनला २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड मिळाली. तरी बाद फेरी गाठायला २०१७ साल उजाडले. उलट डेट्रॉइटने १९९८ मध्ये पावेल दात्स्युकला १७१व्या, तर १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्गला २१०व्या क्रमांकावर घेतले. २००८ मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा हे दोघे संघाचा कणा होते. झेटरबर्ग तर बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशी तुलना संघांना उपयोगी पडते, ती जरूर करावी. पण मला वाटते, अठराव्या वर्षी मिळालेला क्रमांक कोणत्याही मुलाच्या कपाळी कोरू नये.