सूत्रधार आणि त्याचा खट्याळ जोडीदार

पॉडकास्ट हा शब्द आपल्या घरांत आता नवा राहिलेला नाही. नातवंडे कानात इअरफोन घालून तासन्‌तास ऐकत असतात. जरा कान देऊन ऐकले, तर काही कार्यक्रमांत दोन आवाज असतात. एक निवेदकाचा. तो सभ्य, माहितगार आणि पाहुण्याला ‘अहो-जाहो’ करणारा असतो. दुसरा मध्येच तोंड घालणारा, पाहुण्याच्या टकलावर बोलणारा, निवेदकाचीच टर उडवणारा. थोड्या वेळाने लक्षात येते की दोन्ही आवाज एकाच गळ्यातून निघत आहेत. हा दुसरा कोण, तो कशासाठी लागतो आणि त्याच्यापासून सावध कधी राहावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पॉडकास्ट जन्मण्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे अमेरिकेतील रेडिओवर घडले. एडगर बर्गन नावाचा एक शब्दभ्रमकार होता. चार्ली मॅकार्थी हा त्याचा लाकडी बाहुला. उंच टोपी, झोकदार कोट आणि एका डोळ्यावर काच, असा त्याचा थाट. १७ डिसेंबर १९३६ रोजी ही जोडी रूडी व्हॅली या गायकाच्या रेडिओ कार्यक्रमात आली. शब्दभ्रमाची सारी करामत ओठ न हलवता बोलण्यात असते आणि रेडिओवर ओठ दिसतच नाहीत! मग त्यात उरले काय, अशी शंका कोणालाही यावी. पण श्रोत्यांनी चार्लीला डोक्यावर घेतले. मे १९३७ मध्ये या जोडीचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि निरनिराळ्या रूपांत तो १९५६ पर्यंत चालला. १९३८ च्या ऑस्कर समारंभात बर्गनला जी मानाची बाहुली मिळाली, ती मुद्दाम लाकडाची केलेली होती आणि तिचे तोंड हलत असे.

करामत दिसत नसताना उरला होता स्वभाव. बर्गन मवाळ, थोडासा मास्तरी वळणाचा. चार्ली उर्मट, रंगेल, हजरजबाबी. बोलताना बर्गनचे ओठ हलतात, हे चार्ली स्वतःच लोकांना सांगून टाकी. मालकाच्या चिक्कूपणाचे पाढेही तोच वाचत असे. अशा जोडीदाराने तीन कामे साधतात. निवेदकाला सभ्यता सोडावी लागत नाही, कारण आगाऊ प्रश्न दुसरा विचारतो. श्रोत्याच्या मनातली शंका कोणीतरी उघड बोलून दाखवते. आणि एकट्याने तासभर बोलणाऱ्या माणसाला हळूहळू जे प्रवचनाचे अंग येते, त्याला वेळीच टाचणी लागते. आजच्या पॉडकास्टवाल्याला चार्लीसारखा कोणी हवासा वाटतो, तो या तिन्ही कारणांसाठी.

मात्र या सोयीची किंमत कोणीतरी मोजत असते. १२ डिसेंबर १९३७ च्या कार्यक्रमात अभिनेत्री मे वेस्ट पाहुणी होती. आदम आणि ईव्ह यांच्यावरचा एक प्रवेश आणि चार्लीबरोबरचे तिचे चावट बोलणे यांवर मोठा गहजब झाला. रेडिओची दारे तिला अनेक वर्षे बंद राहिली. चार्लीचा कार्यक्रम पुढे चालूच राहिला. बाहुल्याला कोण शिक्षा करणार? बर्गनची मुलगी कँडिस पुढे नामवंत अभिनेत्री झाली. पण लहानपणी तिची ओळख ‘चार्लीची बहीण’ अशी करून दिली जाई.

आपल्या साहित्याला ही युक्ती परकी नाही. नवसारीत जन्मलेले राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने, आणि विनोद करायचा झाला की लेखणी ‘बाळकराम’च्या हाती देत. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींनी बोलण्याचे काम पुण्याच्या चिमणरावाकडे सोपवले. फजिती चिमणरावाची होते आणि ती तोच आपल्या तोंडाने सांगतो. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव तर त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून बोलत राहिला. खट्याळ जोडीदार असा वारशानेही मिळतो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना या विषयात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. ती म्हणजे, हा दुसरा आवाज बोलतो कोणती भाषा? संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो. त्याचा विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. हसवणाऱ्याला घरगुती, बाजारातली भाषा देण्याची रीत इतकी जुनी आहे. मराठी पॉडकास्टमध्येही निवेदकाला पुस्तकी मराठी आणि खट्याळाला बोली, अशी वाटणी सहज होऊन जाते. त्या बोलीत कधी बेळगावचे ‘काय करालायस’ येईल, कधी हिंदीच्या वळणाने जाणारे इंदूरचे वाक्य, कधी गुजराती शब्दांत घोळलेले बडोद्याचे बोलणे.

या वाटणीत मुळात वाईट काही नाही. पाहायचे ते एवढेच, की हसे कोणाचे होते. ‘शाकुंतला’तला विदूषक प्राकृतात बोलतो, पण तो राजाच्या शिकारीच्या नादाला तोंडावर नावे ठेवतो. तिथे बोलीची बाजू वरचढ ठरते. बर्गनजवळ चार्लीखेरीज मॉर्टिमर स्नर्ड नावाचा आणखी एक बाहुला होता, खेडवळ आणि मंद. बर्गन त्याला शांतपणे समजावून सांगे आणि त्याला काही कळत नसे. तिथे हसू खेड्याचे होते. एकच माणूस, दोन बाहुले. पण एक मालकाला टोचतो आणि दुसरा स्वतः हास्यास्पद होतो.

म्हणून आपल्या घरातले कोणी असा कार्यक्रम ऐकत असेल वा करू पाहत असेल, तर त्याला एक साधी कसोटी सांगावी. बोली बोलणारा आवाज निवेदकाला निरुत्तर करतो का? करत असेल, तर आजीचे बोलणे नातवाच्या कानात शहाणे होऊन पोहोचते. तो आवाज केवळ चुकीचे शब्द बोलून टाळ्या मिळवत असेल, तर तोच नातू चारचौघांत आजीसारखे बोलायला लाजू लागेल. आपल्या गावांत मराठी शाळेपेक्षा घरातच अधिक टिकली आहे. तिची लाज वाटू लागली, तर ती टिकायला दुसरी जागा फारशी उरत नाही.